एकदिवसीय सहल आणि नकाशा: आधी शेवटचे तीन किलोमीटर नोंदवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातली वीस-पंचवीस मंडळी, त्यात दोन-तीन लहान मुलं आणि चार ज्येष्ठ, महिन्यातून एका रविवारी फारशा माहीत नसलेल्या ठिकाणी जाणार. पाहिलेलं ठिकाण ऑनलाइन नकाशावर टाकायचं, म्हणजे पुढच्यांची सोय होईल. सुरुवात कुठून करावी, कोणता नकाशा वापरावा आणि दिसेल ते सगळंच टाकावं का, हे तुम्हाला हवं आहे.

बारा वर्षं मी अशा सहली नेते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं नकाशावर नोंदी करते आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. ठिकाणाची पिन टाकली म्हणजे ठिकाण नोंदवलं असं होत नाही. माणसं अडतात ती मुख्य रस्ता सोडल्यानंतरच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत. ते किलोमीटर नोंदवा.

हे मला लिंबला कळलं. साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत लिंब गाव आहे. तिथली बारामोटेची विहीर म्हणजे अष्टकोनी विहीर, तिला जोडून पायऱ्यांची लांब वाट, आणि मध्ये चक्क महाल. वरून पाहिलं तर सगळा आकार शिवपिंडीसारखा दिसतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नकाशावरची पिन विहिरीवर अगदी बरोबर होती. पण आमची सतरा सीटर गाडी ज्या बोळातून त्या ॲपनं नेली, तिथे दोन्ही बाजूंना घरांचे ओटे होते आणि समोरून उसाची ट्रॉली आली. दिवस गळिताचे होते. ड्रायव्हरदादांनी पाऊण तास गाडी मागे घेतली, गावातली चार पोरं पुढे-मागे उभी राहून हात दाखवत होती, आणि आमच्यातल्या एका आजींना उन्हानं चक्कर आली. ज्यांच्या ओट्याशी गाडी अडली होती त्याच मावशींनी त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. त्या दिवसापासून आमच्या वहीत पहिला रकाना आहे: मोठी गाडी कुठपर्यंत जाते, कुठे वळते, तिथून पायी किती.

विहिरीचीच दुसरी गोष्ट. ती वीरूबाई भोसले यांनी बांधली, शके १६४१ ते १६४६ या काळात. शकात ७८ मिळवले की इसवी सन १७१९ ते १७२४ येतं, म्हणजे शाहू महाराजांचा काळ. पण नेटवर कितीतरी ठिकाणी १६४१ ते १६४६ हाच इसवी सन म्हणून छापलेला दिसतो. एकानं शकाचा सन केला, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. म्हणून नकाशावर इतिहास लिहायचा असेल तर दोनच ओळी लिहा, आणि त्या शिलालेखाशी ताडून लिहा. शिलालेख वाचता येत नसेल तर त्याचा स्वच्छ, समोरून घेतलेला फोटो टाका आणि सनावळी सोडून द्या. चुकीचं साल एकदा पसरलं की ते मागे घेता येत नाही.

आता कोणता नकाशा. माझं मत स्पष्ट आहे: मूळ नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर करा. २००४ पासून चालू असलेला हा नकाशा लोकांनी लोकांसाठी काढलेला आहे. त्यात पायवाट काढता येते, पाण्याचा नळ दाखवता येतो, पायऱ्या दाखवता येतात, आणि मराठी नावाचा वेगळा रकाना आहे. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही ॲप त्याच नोंदी वापरतात आणि नकाशा आधी उतरवून घेतला तर नेटवर्क नसतानाही चालतात. घाटात जाणाऱ्याला हेच लागतं. गूगल मॅप्सवरही ठिकाण जरूर टाका, कारण बहुतेक माणसं तिथेच शोधणार. मात्र गूगलवरून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काहीही उतरवू नका. परवान्यात ते बसत नाही, आणि उतरवलेलं लक्षात आलं की नोंद काढून टाकतात. आपण स्वतः चाललो, स्वतः पाहिलं, तेवढंच लिहायचं. तुमच्या गटापुरता नकाशा हवा असेल, म्हणजे या वर्षीच्या सहली एका जागी दिसाव्यात असा, तर गूगलचंच माय मॅप्स पुरेसं आहे.

सामान्य माणसानं नकाशे काढणं कायद्यात बसतं का, असं मला दर वेळी कोणीतरी विचारतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांचे नियम बरेच मोकळे केले. लष्करी आणि तत्सम संवेदनशील जागांच्या वाटेला जायचं नाही, एवढं पाळा. अभयारण्यात मात्र वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि संरक्षित स्मारकाजवळ ड्रोन उडवू नका.

अक्षांश-रेखांशांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या गटांच्या निम्म्या चुका इथे होतात. पुणे १८.५२, ७३.८५ वर आहे. आधी अक्षांश, मग रेखांश. हे आकडे उलटे टाकले की पुणं नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जातं, आणि आमच्या एका यादीत अशी तीन मंदिरं तिथे गेली होती. दशांशानंतर किती घरं लिहायची, तर दोन घरांवर साधारण एक किलोमीटरचा फरक पडतो, तीनवर शंभर मीटरचा, चारवर अकरा मीटरचा. पाच घरं लिहा, त्याहून जास्त नको. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर इतपत बरोबर असतो. दाट झाडीत किंवा कड्याला लागून उभं राहिलं तर तो बराच भरकटतो. लेण्याच्या आत उभं राहून पिन टाकू नका. बाहेर अंगणात या, मिनिटभर थांबा, मग टाका.

आणि फोटो. संध्याकाळी सगळे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि नोंदी करणारा त्यातून जागा शोधायला बसतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती टिकते. नाहीतर ज्याचा फोटो त्यानंच त्याची नोंद करायची, असं ठरवून टाका.

पहिल्या सहलीसाठी मी सासवड–जेजुरी–मोरगाव हा पट्टा सुचवीन. चढ नाही, ज्येष्ठांना झेपतो, आणि जेजुरी-मोरगावला जाणारे हजारो लोक ज्या वळणावरून सरळ निघून जातात तिथेच आत बघण्यासारखं आहे. सकाळी सहाला निघा. सासवडचा संगमेश्वर बघा, मग कऱ्हेकाठचं पांडेश्वर. दगडी देवळं बघून सरावलेल्या डोळ्यांना पांडेश्वरचं विटांचं बांधकाम बघून थांबावंसं वाटतं. दुपारी मोरगाव आणि तिथून लोणी भापकर.

लोणी भापकरला दोन तास ठेवा. मल्लिकार्जुन मंदिर, त्याच्यासमोरची पुष्करणी (पायऱ्यांचं दगडी कुंड), आणि यज्ञवराह, म्हणजे विष्णूच्या वराह अवताराची मूर्ती. वराहाच्या अंगावर झूल घातल्यासारख्या विष्णूच्या इवल्या इवल्या मूर्ती ओळीनं कोरल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा गटातली एक नऊ वर्षांची मुलगी त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि एकेक मूर्ती बोटानं, स्पर्श न करता, मोजायला लागली. अर्ध्यावर हिशेब चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आम्हा मोठ्यांनी तोवर तीस-तीस फोटो काढले होते आणि मूर्तींचे हात किती, हातांत काय, हे एकालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पोचल्यावर पहिली वीस मिनिटं फोन खिशात. नंतर काय ते काढा.

नावाचा घोळही इथेच समजून घ्या. नुसतं 'लोणी' शोधलं तर माणूस लोणी काळभोरला, लोणी कंदला, कुठेही पोचेल. नोंदीत पूर्ण नाव आणि तालुका लिहा: लोणी भापकर, तालुका बारामती. देवनागरीत लिहा, आणि गावकरी जे म्हणतात तेच लिहा. बारवेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, गावात 'पोखरण' म्हणत असतील तर तेही नाव दुसऱ्या रकान्यात येऊ द्या. रस्ता विचारताना तेच कामाला येतं.

कामं वाटून घ्या. आमच्याकडे चार माणसं नेमलेली असतात. एक जण जीपीएसचा ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची फोनवरची नोंद, चालू ठेवतो, एक वहीत लिहितो, एक गावात बोलतो आणि एक सगळ्यात मागे चालतो. त्यात गावात बोलणारा माणूस सगळ्यात मोलाचा. पुजारीकाका, शाळेतले गुरुजी, पारावरचे आजोबा यांच्याशी दहा मिनिटं बोललं की देऊळ दुपारी बंद असतं का, नळाला पाणी कधी येतं, जत्रा केव्हा, पावसाळ्यात ओढा किती चढतो, हे सगळं कळतं. जेवणाचंही तसंच. आदल्या गुरुवारी फोन करून बचतगटाच्या ताईंना पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि माणसं मोजून सांगा. पंचवीस म्हणून सतरा जण गेलात तर उरलेल्या भाकरींचे पैसेही द्या. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हेही नकाशावर टाका. या एका नोंदीसाठी मला जितक्या अनोळखी बायकांचे आभार आलेत तितके दुसऱ्या कशासाठी आलेले नाहीत.

गाडीचं म्हणाल तर गट चाळिशीच्या पुढे गेला की एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी बस भाड्यानं घेण्याची, चौकशी करा. त्याआधी टेम्पो ट्रॅव्हलर बरी. खर्च टीटीएमएम, म्हणजे ज्याचा त्यानं करायचा, आणि पैसे आधी घ्या. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सगळंच टाकावं का. नाही. आणि यावर मी ठाम आहे.

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चौघे गेले. या दोन्ही जागा सगळ्यांना माहीत असलेल्या. माहीत नसलेल्या धबधब्यावर तर मदतीला येणाराही कोणी नसतो. म्हणून पावसाळी धबधबा, डोह, कडा यांची नोंद धोक्याची ओळ लिहिल्याशिवाय करू नका. निघोजचे रांजणखळगेच घ्या. कुकडीच्या पात्रात पाण्यानं दगड फिरवून फिरवून कोरलेले ते खळगे बघताना भान हरपतं, पण काठ गुळगुळीत आहेत, आत पडलेल्याला धरायला काही नाही, आणि वरून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. तिथली नोंद 'सुंदर ठिकाण, पाच तारे' एवढीच असेल तर ती लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याची काळजी घेतली नाही. तिथे नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे, अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेर तालुका. गाडी कोणत्या काठाला लावली तेही लिहा.

देवराई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, नकाशावर टाकू नका. गिधाडांची घरटी, वटवाघळांची गुहा, दुर्मीळ फुलांचा सडा (म्हणजे खडकाळ पठार), यांतलं काहीही नको. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि पुढे फुलांच्या हंगामात तिथे गर्दीला आवर घालायला बुकिंग आणि शुल्क ठेवावं लागलं. कासला निदान ती व्यवस्था उभी राहिली. एखाद्या छोट्या सड्यावर एका रविवारी चाळीस गाड्या आल्या तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? एखाद्या गावानं 'आमचं देऊळ नका टाकू' म्हटलं तरी टाकू नका. आम्हाला एका गावात तसं सांगितलं गेलं. आम्ही दर्शन घेतलं, चहा प्यायलो, वही मिटली.

बारवांच्या बाबतीत मात्र उलट घडलेलं मी पाहिलंय. महाराष्ट्र बारव मोहिमेत लोकांनी गावोगावच्या शेकडो बारवा शोधून नकाशावर आणल्या, आणि नकाशावर आल्यामुळे गावकऱ्यांनीच कित्येक ठिकाणी गाळ उपसला, झुडपं काढली, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. दुर्लक्षामुळे मरणारी जागा असेल तर ती नकाशावर आणा, आणि गर्दीमुळे मरणारी असेल तर आणू नका. गाडीतून उतरल्यावर गटाशी याच एका मुद्द्यावर बोला, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

नोंदी आठ दिवसांच्या आत चढवा, नंतर कोणता ओढा कुठे लागला ते आठवत नाही. आणि प्रत्येक नोंदीत पाहिल्याचा महिना-वर्ष लिहा. रस्ते बदलतात, हातपंप बंद पडतात, देवळाला नवं कुलूप लागतं. आमची पांडेश्वरची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही या हिवाळ्यात गेलात तर गाडी अजून त्याच जागी वळते का आणि नळाला पाणी आहे का, तेवढं बघून बदलून टाका.