किती वाजताची वीज?

अणुवीज की सौरवीज, या वादावर मागे दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांत मी अणुभट्टीवाल्यांचा माणूस ठरलो, उरलेल्यांत सोलरवाल्यांचा. नोकरीतली बरीच वर्षं लोड डिस्पॅचच्या, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवण्याच्या, खोलीत ५० हर्ट्‌झच्या आकड्याकडे (मागणी-पुरवठ्याचा मेळ चुकला की तो हलतो) डोळे लावून काढली. त्यामुळे वीज कशापासून झाली यापेक्षा ती किती वाजता मिळते, हे आधी विचारायची खोड जडली आहे.

सोलरचं युनिट अडीच रुपयांना पडतं म्हणतात. मग हजारो कोटींच्या अणुभट्ट्या हव्यातच कशाला? (सांगलीच्या एक वाचक)

आकडा खरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तर १ रुपया ९९ पैशांची बोली लागली होती. पण तो भाव ऊन असतानाच्या विजेचा. वीजबाजारात भर दुपारी भाव कोसळतो आणि दिवेलागणीनंतर कधीकधी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. वीज तीच, तारा त्याच. बदललेलं असतं फक्त घड्याळ. सोलरच्या युनिटमध्ये ते रात्रीपर्यंत सांभाळण्याचा खर्च मिळवला की मगच तुलना बरोबरीची होते.

दुसरा घोळ मेगावॉटचा. १००० मेगावॉटची अणुभट्टी ८५ टक्के क्षमतेनं चालली तर वर्षाला सुमारे ७४४ कोटी युनिटं देते. १००० मेगावॉटचं सोलर, ऊन नसलेले तास धरून, २० टक्क्यांच्या हिशोबानं देतं १७५ कोटी. म्हणजे तेवढ्याच युनिटांसाठी सव्वाचार पट सोलर उभारायचं आणि मेगावॉटला चार-पाच एकर धरून १७ ते २१ हजार एकर जमीन शोधायची.

एवढं वाचून अणुवीजवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची वीज स्वस्त, हे उदाहरण ते नेहमी देतात. पण त्या १९६९ सालच्या, त्यांचं भांडवल केव्हाच फिटलं. आज नवी भट्टी बांधायची तर फ्रान्समधलं फ्लामनव्हिल बघा. काम सुरू झालं २००७ मध्ये, ग्रिडला (वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) वीज गेली डिसेंबर २०२४ मध्ये आणि ३३० कोटी युरोंचा अंदाज १३०० कोटींच्या वर गेला. आपल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट २०१० साली पडलं, व्यापारी उत्पादन सुरू झालं २०२३ मध्ये. तेवढ्या काळात सोलरचे भाव जमिनीवर आले. अणुविजेचा माझ्या मते सर्वांत मोठा शत्रू किरणोत्सर्ग नाही, कॅलेंडर आहे.

आमच्याकडे रात्रीच्या लाइटवर पाणी धरावं लागतं. साप, बिबट्या, थंडी. अणुवीज आली तर दिवसा लाइट मिळेल का? (जुन्नर तालुक्यातले एक शेतकरी)

तुम्हाला अणुवीज लागतच नाही. शेतीपंप हे सोलरचं सर्वांत सोयीचं गिऱ्हाईक: ऊन असताना चालतो, ढग आले तर तासभर थांबतो, शिवाय विजेऐवजी पाणी साठवता येतं, विहिरीत किंवा शेततळ्यात. तुमच्या फीडरचं काम सौर कृषी वाहिनी योजनेत कुठवर आलं आहे, ते सबस्टेशनवर विचारा. इथे वाद घालण्यासारखं काही नाही.

जैतापूरबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प आहात. (राजापूर तालुक्यातून एक वाचक)

बरं, बोलतो. जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा तो प्रस्ताव. ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींवर पर्यावरण मंजुरी मिळाली. पुढच्याच एप्रिलमध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. भट्टी मात्र एकही उभी राहिली नाही.

या प्रश्नात तीन भीती एकात एक गुंतल्या आहेत. पहिली भूकंपाची. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी धक्का बसताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, म्हणजे व्हायला हवं तेच झालं. घात केला त्सुनामीनं. तिनं डिझेल जनरेटर बुडवले आणि बंद भट्टीतही उरणारी उष्णता काढून नेणारे पंप थांबले. माडबनचा सडा समुद्रापासून बराच उंच आहे, तेव्हा तसाच प्रसंग येण्याची शक्यता मला कमी वाटते. दुसरी भीती रोजच्या किरणोत्सर्गाची. नीट चालणाऱ्या केंद्राच्या बाबतीत ती मला अवास्तव वाटते.

तिसरी भीती मच्छीमारांची आणि शहरातले तज्ज्ञ नेमकी तीच हसण्यावारी नेतात. अशा भट्टीतल्या उष्णतेचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भाग विजेत उतरतो, बाकीची समुद्रात सोडायची. सहाही भट्ट्या चालल्या तर ही उष्णता १७-१८ हजार मेगावॉट होते, अहोरात्र. त्या गरम पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल, हा तिथल्याच साखरी नाटे या मच्छीमार गावाच्या दर्याकडे बघून विचारलेला सरळ शास्त्रीय प्रश्न आहे. त्यात सुरक्षेसाठी किनाऱ्याचा पट्टा बंद झाला तर होडी कुठून काढायची? जमिनीला मोबदला असतो, सातबाराही असतो. दर्याला सातबारा नसतो.

माझं मत विचाराल तर, एकाच जागी एवढी मोठी परदेशी भट्टी सहा वेळा बांधण्यापेक्षा जिथे केंद्रं आधीच आहेत तिथे ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या वाढवाव्यात. आणि संध्याकाळच्या मागणीसाठी आधी सह्याद्रीकडे बघावं. कोयना काही मिनिटांत भार उचलते. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे: मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. चढवायला १०० युनिटं लागली तर ७५ ते ८० परत येतात. दुपारचं सोलर रात्री वापरायची ही आपल्या डोंगरांतली बॅटरी आहे. तिच्यासाठीही जंगल आणि गावं जातात, हे मात्र लपवू नये.

अणुकचरा शेवटी जातो कुठे? (बोईसर)

आकारानं थोडा, आयुष्यानं अफाट, असा तो प्रकार. आपण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढतो. उरलेला अतितीव्र कचरा काचेत वितळवून बंदिस्त करतात, तुमच्या शेजारी तारापूरलाही. तो कायमचा खोल खडकात पुरायची जागा फिनलंडनं ४०० मीटरहून खोल खोदली आहे. भारताकडे अजून नाही.

जर्मनीनं अणुभट्ट्या बंद करून दाखवल्या. भारत का नाही करत? (श्टुटगार्टहून एक वाचक)

१५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन बंद झाल्या, त्यांतली नेकारवेस्टहाइम तुमच्या जवळचीच. पण जर्मनीनं कोळसा सोडायची कायदेशीर मुदत ठेवली २०३८. मला हा क्रम उलटा वाटतो. कोळशाच्या युनिटमागे साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. अणू आणि वारा, दोन्हींचा आकडा १२ ग्रॅमच्या आसपास. चालू, धडधाकट भट्टी बंद करणं आणि नवी न बांधणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा मला पटू शकतो.

छतावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. परवा भर दुपारी लाइट गेली तर आमचाही पंखा बंद! फसवणूक झाली का? (पुणे)

नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दामच बंद होतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाइट असताना, ऊन चांगलं असेल तर दिवसाला साधारण १२ युनिटं मिळत राहतील. लाइट नसतानाही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. बॅटरी पंखे, फ्रिज आणि चार दिवे यांच्यापुरतीच घ्या. गीझर तिच्यावर टाकू नका.