ईमेल सल्लागाराकडे, जप्ती तुमच्या खात्यावर

प्रश्न : गांधीबागेत माझं साड्यांच्या मॅचिंगचं दुकान आहे. २६ ऑगस्टला बँकेतून कळलं की जीएसटीच्या वसुलीसाठी खातं गोठवलंय. २० मे रोजी ३ लाख ४० हजार कराचा एकतर्फी आदेश झाला म्हणे. दुकानावर एकही कागद आला नाही, सगळं ईमेलवर पाठवलं असं ऑफिसात सांगतात. तो ईमेल आमच्या जुन्या कर सल्लागाराचा, त्याचं काम मी दिवाळीतच बंद केलं. शेजारचे म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस चालत नाही, मग ईमेलची कशी चालेल? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांनी ऐकलं ते खरं, पण ते दुसऱ्या घरचं. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. तिथे माणसाच्या अटकेचा प्रश्न असतो. तुमचं प्रकरण २०१७ च्या जीएसटी कायद्याचं. त्याच्या कलम १६९ मध्ये बजावणीचे मार्ग दिले आहेत : हातोहात, पोस्टाने, नोंदणीत दिलेल्या ईमेलवर, जीएसटीच्या पोर्टलवर टाकून वगैरे. यातला कोणताही एक पुरतो. दुकानावर कागद आलाच पाहिजे, असं नाही.

‘पण तो ईमेल माझा नाही’ या म्हणण्यातही फारसा दम नाही. नोंदणीत तो तुमच्या नावापुढे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, तुम्ही ठरवून दिलेल्या पत्त्याच्या इनबॉक्समध्ये मेल शिरला की तो तुम्हाला पोचला. उघडला की नाही, हे कोणी विचारत नाही. बाजारात हे नेहमीचंच आहे. नोंदणीच्या वेळी दुकानदार म्हणतो, ‘तुमचाच टाकून द्या ना भाऊ, मला कुठे समजते त्यातलं.’ आणि सल्लागारही टाकून देतो.

मात्र एक तपासा. पोर्टलवर लॉगिन करून ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ बघा, शिवाय ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’चा वेगळा कप्पाही उघडा. कित्येकांच्या नोटिसा तिथेच पडून असतात. डीआरसी-०१ म्हणजे कारणे दाखवा नोटीस. ती कोणत्या तारखेला आली, सुनावणीची तारीख दिली होती का, ते पाहा. आदेश तुमच्याविरुद्ध जाणार असेल तर सुनावणीची संधी द्यावीच लागते, कलम ७५(४). ती दिलीच नसेल, तर ईमेलच्या वादापेक्षा हा मुद्दा कितीतरी वजनदार आहे.

आता खरं घाईचं. अपिलाची मुदत आदेश कळवल्यापासून तीन महिने. मेल २० मे रोजीच गेला असं धरलं, तर ती २० ऑगस्टला संपली. सबळ कारण दाखवलं तर अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतात, म्हणजे २० सप्टेंबर. त्यापुढे एक दिवसही माफ करायचा अधिकार त्यांना नाही. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करावी लागेल, आणि त्याचा खर्च तुम्हाला परवडेल असं वाटत नाही.

म्हणून या आठवड्यातच एपीएल-०१, म्हणजे अपिलाचा फॉर्म, भरा. सगळाच कर वादात असेल तर त्याच्या १० टक्के, म्हणजे ३४ हजार, आधी भरावे लागतील. तुमचं खातं बंद आहे, तेव्हा चलान मुलाच्या खात्यातून भरलं तरी चालतं. ही रक्कम भरून अपील दाखल झालं की उरलेली वसुली कायद्यानेच थांबते. पावती आणि अपिलाची पोच जोडून खातं मोकळं करण्याचा अर्ज अधिकाऱ्याला द्या, एक प्रत बँकेतही द्या.

उशिराचं कारण लिहिताना ‘नोटीस मिळालीच नाही’ असं लिहू नका. जसं घडलं तसं लिहा : ईमेल सल्लागाराचा, काम दिवाळीत बंद, बँकेतून २६ ऑगस्टला कळलं. सल्लागाराने तसं प्रतिज्ञापत्र दिलं तर उत्तम. त्याला ते मेल पुसू नको म्हणून सांगा. भांडण २० सप्टेंबरनंतर करा, आत्ता तुमचं त्याच्याकडे काम आहे.

आणि नोंदणीतला ईमेल व मोबाइल आजच बदलून घ्या, ओटीपी तुमच्या स्वतःच्या फोनवर आला पाहिजे.