बोर्निओला जाण्याआधी बामणोली गाठ
किनाबातांगन नदीवर जंगल बघायचं ठरवलंस, झकास! पण १० पटीची दुर्बीण घेऊ नकोस, हलत्या बोटीत सगळं थरथरतं. ८ बाय ४२ बास, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. आधी साताऱ्याजवळच्या बामणोलीला लाँचमध्ये बसून शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरची झाडं बघत हात बसव.

मुक्काम नदीकाठच्या सुकाऊ गावात कर. संध्याकाळची फेरी अजिबात चुकवू नकोस. लांब नाकाची माकडं झोपायला नदीकाठच्याच झाडांवर येतात. मोठ्या नराचं नाक पार ओठांवर लोंबतं, खाताना तर बघच. ओरांगउटान मात्र नशिबाचा भाग, दिसलाच तर ओरडायचं नाही. आपल्या लोकांना हे सांगावंच लागतं! पाण्यात मगरी आहेत, हात आत ठेव. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धो धो पाऊस, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीचं तिकीट काढ.