मधलीला आजोळी पाठवू का?

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरला राहते. थोरला सहा वर्षांचा, मधली अडीचची आणि बाळ दोन महिन्यांचं. मधली माझ्याच कुशीत झोपायची, आता आजीजवळ झोपते. रात्री बाळाला पाजायला घेतलं की दारात येऊन नुसती बघत उभी राहते. परत चड्डीत शू करायला लागलीय. सासूबाई म्हणतात, तिला थोडे दिवस बार्शीला आजोळी पाठवू. मला सारखं रडू येतं. बाळाला घेतलं तरी माया दाटून येत नाही. तिसऱ्या खेपेला असं का व्हावं?

उत्तर : बार्शीला अजिबात पाठवू नका. सासूबाई तुमच्या काळजीनेच म्हणतात, पण पोरीला एवढंच कळेल की बाळ आलं आणि मला घालवलं. चड्डीत शू होणं या वयात भावंड आल्यावर होतंच. न रागावता चड्डी बदला, हळूहळू थांबेल. "तू आता मोठी झालीस ना" हे मात्र घरात कुणीच म्हणू नये. सकाळी बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं सासूबाईंकडे द्या आणि तेवढा वेळ मधलीला मांडीवर घेऊन बसा. दुधात कडक भाकरी कुस्करून तुमच्या हातानं भरवा. रात्री तिला तुमच्या पाठीकडे झोपू द्या, बाळाच्या बाजूला नको.

आता तुमचं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना रडू येतं, दोनेक आठवड्यांत ते निवळतं. तुम्हाला दोन महिने झालेत, म्हणजे हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पहिली दोन बाळंतपणं सुखाची गेली तरी तिसऱ्या वेळी हे होऊ शकतं. यात तुमचा काही दोष नाही. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना रडणं, झोप, भूक सगळं सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या, ते बिघडलं तरी मन खचतं. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावंसं मनात आलं, तर सकाळची वाट बघू नका. घरच्यांना उठवा आणि दवाखाना गाठा.

आणि माया पहिल्याच दिवशी दाटून येते असं नाही हो. कितीतरी जणींना ती पाजता पाजता, महिन्या-दोन महिन्यांनी लागते. पत्र वाचताना मला वाटलं, मधलीसाठी तुमचा जीव इतका तुटतोय की बाळाला जवळ घेणं म्हणजे तिच्याशी दगाबाजी वाटतेय. हेही डॉक्टरांना सांगा.

पत्रात तुमच्या मिस्टरांचं नावही नाही. दवाखान्यात त्यांना बरोबर न्या. थोरल्याचा डबा, शाळा, अभ्यास उद्यापासून त्यांच्याकडे.