खुब्याची झीज अर्ध्या मिलिमीटरनं वाढली, मग काय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. आईचं वय ६१, आयुष्यभर मांडी घालून विड्या वळल्या तिनं. दीड वर्षामागं उजव्या जांघेत दुखतंय म्हणून एक्स-रे काढला तेव्हा रिपोर्टमध्ये खुब्याच्या सांध्यातली गॅप ३.२ मिमी, ग्रेड २ असं होतं, आता दुसरीकडं काढला तर २.७ मिमी आणि ग्रेड ३ आलं. शेजारचे म्हणतात आता वाटी बदलायलाच लागणार. आई मात्र होती तशीच आहे, मंगळवार बाजारातनं पिशवी उचलून येते. घाबरायचं का?

उत्तर : एवढ्यावर तरी नको. मुळात एक्स-रेमध्ये कुर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर) दिसतच नाही, दिसतात ती हाडं, आणि मांडीच्या हाडाचा गोळा आणि वाटी यांच्यामधली काळी फट म्हणजे कुर्चा असं धरून आपण ती मोजतो. चांगल्या खुब्यात ही फट साधारण ३ ते ५ मिमी असते, म्हणजे आईंचा आकडा कमी आहे हे खरं, झीज आहे. पण वाढली का, हा वेगळा प्रश्न.

आता बघा, फिल्मवर हाड खऱ्यापेक्षा १० ते २० टक्के मोठं उमटतं, एक्स-रेची ट्यूब किती लांब आणि पेशंट किती जाड त्यावर. खरी फट ३ मिमी असेल तर एका सेंटरवर ३.३ आणि दुसऱ्यावर ३.६ दिसू शकते, सांध्यात काहीच न होता! त्यात एकदा झोपवून काढला, एकदा उभं करून, पाय आत वळवले की नाही (दोन्ही अंगठे जुळवून टाचा लांब ठेवायला सांगतात ना, ते याचसाठी, साधारण १५ अंश), आणि फट नेमकी कुठं मोजली, सगळ्यात अरुंद जागी की मधोमध, एवढ्यावर अर्धा मिमी सहज इकडंतिकडं होतो. बहुतेकांची झीज वर्षाला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशानंच सरकते, मग तुमचा हा अर्धा मिमी झिजेचा की मशीनचा कसं सांगणार?

ग्रेडचंही तसंच आहे. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी ० ते ४ अशी ही पद्धत मांडली (० म्हणजे झीज नाही, ४ म्हणजे सगळ्यात जास्त), त्यात मोजपट्टी नाही, हाडाच्या कडेला आलेली वाढ आणि फट डोळ्यानं बघून ठरवायचं. २ आणि ३ च्या सीमेवरचा एक्स-रे दोन डॉक्टर दोन तऱ्हेनं वाचतात, त्यात कोणी फसवलं असं नसतं.

तुम्ही एवढं करा की, दोन्ही फिल्म किंवा सीडी घेऊन एकाच डॉक्टरांकडं जा आणि शेजारी शेजारी ठेवून त्याच जागी मोजायला सांगा. नुसते रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. पुढचा एक्स-रे मात्र शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीनं.

आणि ऑपरेशन मिलिमीटर बघून ठरत नाही हो. रात्री दुखण्यानं झोप मोडते का, पायाची नखं स्वतः कापता येतात का, मांडी घालताना उजवा गुडघा पूर्वीपेक्षा वर राहतो का, हे आईंना विचारा. चपलेत पाय घालतानाच खुबा जास्त बोलतो. एक अपवाद सांगून ठेवतो, काही थोड्या लोकांत वर्षभरातच २ मिमी किंवा जास्त फट जाते आणि दुखणंही एकदम वाढतं, तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न : खुब्याच्या झिजेसाठी दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढायचा का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तीन महिन्यांत दिसण्याइतकी झीज बहुधा होतच नाही, पैसे वाया. त्रास बदलला तर काढा, नाहीतर वर्षाच्या आत गरज नाही. त्यापेक्षा काठी घ्या, आणि ती दुखऱ्या बाजूच्या उलट्या हातात धरा, बरेच लोक चुकीच्याच हातात धरून फिरतात.