यंत्र-सल्ला : ‘कम्युनिकेशन एरर’ आली की आधी मीटर लावा

प्रश्न : आमचा २० टनी पोकलेन खडी क्रशरवर आहे. काम करता करता मॉनिटरवर ‘कम्युनिकेशन एरर’ येते, आरपीएम खाली येतात आणि थ्रॉटल डायल फिरवूनही इंजिन दाद देत नाही. किल्ली बंद-चालू केली की तास-दोन तास मशीन ठीक चालते. कोड एसपीएन ६३९, एफएमआय ९ आहे. मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचा ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बदला. बदलावा का?
— पोकलेनमालक, सातारा जिल्हा

उत्तर : इतक्यात नाही. नवा ईसीयू महाग पडतो, तुमच्या मशीनसाठी प्रोग्रॅम करून घ्यावा लागतो आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल भाग सहसा कोणी परत घेत नाही. शिवाय हा कोड ‘ईसीयू जळाला’ असे सांगतच नाही. कोडमधला एसपीएन दोष कुठे आहे ते सांगतो, एफएमआय कसला आहे ते. एसपीएन ६३९ म्हणजे जे१९३९ची (अवजड मशीनमधल्या कंट्रोलरांच्या संवादाचे मानक) पहिली डेटा लाइन, आणि एफएमआय ९ म्हणजे संदेश ठरलेल्या वेळात आला नाही.

इंजिनाचा ईसीयू, पंप कंट्रोलर आणि मॉनिटर हे तिघे कॅन हाय आणि कॅन लो या दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. जे१९३९मध्ये हाय पिवळी आणि लो हिरवी असते, पण तुमच्या मशीनचे रंग डायग्रॅममध्ये पाहा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून शाबूत लाइनवर मीटर ६० ओहम दाखवतो.

किल्ली बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग बॅटरी कट-ऑफ बंद करा. लाइनवर व्होल्टेज असताना ओहम मोजले तर आकडा खोटा येतो. केबिनमधल्या ९ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक कनेक्टरवर सी (हाय) आणि डी (लो) या पिनांमध्ये मोजा. काही कंपन्यांच्या मशीनवर पिनांची मांडणी वेगळी असते, म्हणून इथेही डायग्रॅम हाताशी हवा. ६०च्या आसपास आले तर लाइन सलग आहे. १२० आले तर एक रेझिस्टर गेला आहे किंवा मध्ये कुठे वायर तुटली आहे. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

तुमचा दोष येतो-जातो, त्यामुळे एकदा मोजून ६० आले म्हणून सुटका मानू नका. एकाने मीटरवर नजर ठेवावी, दुसऱ्याने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जावे: केबिनच्या फरशीखाली, इंजिनाच्या पार्टिशनमधून हार्नेस जातो तिथे, बॅटरी बॉक्सजवळ, क्लॅम्प निसटलेल्या प्रत्येक जागी. आकडा ६०वरून १२०वर उडाला की जागा सापडली. क्रशरच्या हादऱ्यांनी इन्सुलेशन घासते, आणि मशीन पावसाळ्यात उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेही असेल. काहीच हलले नाही, तर मधला कनेक्टर सोडून लाइन दोन भागांत मोजा. प्रत्येक बाजूला १२० यायला हवेत. ज्या बाजूला येत नाहीत, तिकडेच पुढे शोधायचे.

किल्ली बंद-चालू केल्यावर मशीन का सुधारते, यातही खूण आहे. संदेश पाठवताना होणाऱ्या चुका प्रत्येक ईसीयू मोजत असतो. मोजणी २५५च्या पुढे गेली की तो स्वतःला लाइनवरून बाजूला करतो, याला बस-ऑफ म्हणतात. नव्याने सुरू झाला की मोजणी शून्यावर येते आणि तो परत बोलू लागतो. सैल पिन, निसटती अर्थची (निगेटिव्हची) जोडणी, तुटका रेझिस्टर, यांतल्या कशानेही हे घडते.

ओहम ठीक असतील तर किल्ली चालू करून व्होल्टेज पाहा. चॅसीच्या तुलनेत हाय २.५ व्होल्टच्या थोडा वर आणि लो थोडा खाली असावा, बेरीज साधारण ५. एखादी वायर शून्यावर असेल तर ती बॉडीला लागली आहे. २४च्या जवळ असेल तर सप्लायला.

आता कोडकडे परत या. तक्रार करणारा ईसीयू बहुधा गुन्हेगार नसतो. मॉनिटर आणि पंप कंट्रोलर दोघेही ‘इंजिनाचा संदेश नाही’ म्हणत असतील, तर इंजिनाच्या ईसीयूचा फ्यूज, रिले, सप्लाय, अर्थ आणि त्याची लाइनला जोडणारी शाखा तपासा. त्याच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, किल्ली चालू असताना, व्होल्टेजची घट ०.२च्या आत असावी. सगळेच एकमेकांबद्दल तक्रार करत असतील तर मात्र दोष मुख्य लाइनचा. ईसीयूचा कनेक्टर काढून पाहताना एक लक्षात ठेवा: काही मशीनमध्ये रेझिस्टर ईसीयूच्या आतच असतो, म्हणून तो काढल्यावर १२० दिसणे स्वाभाविक आहे.

कनेक्टर उघडलात की हिरवी बुरशी, पाणी, मागे सरकलेली पिन आणि फाकलेले सॉकेट पाहा. त्याच मापाची सुटी पिन सॉकेटमध्ये घालून पकड जाणवते का ते तपासा. वायरच्या इन्सुलेशनमध्ये सुई खुपसून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरते आणि तांबे आतून सडत जाते. तुटलेला तुकडा बदलताना तशीच पिळलेली, १२० ओहम इम्पीडन्सची (हा वायरीचा साधा रोध नव्हे) कॅन केबल वापरा. बाजारातल्या दोन साध्या वायरी सरळ टाकल्या तर मशीन चालू होईल, पण अल्टरनेटर आणि सोलेनॉइडचा गोंगाट लाइनवर उतरेल आणि हाच कोड पुन्हा येईल.

प्रश्न : बॅकहोवर जीपीएस ट्रॅकर बसवल्यापासून मीटर पॅनेलवरचे सगळे दिवे लागतात. ट्रॅकरवाला म्हणतो, दोष मशीनचाच.
— भाडेतत्त्वावर मशीन देणारे, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ट्रॅकरची वायर काढून मशीन चालवा. दिवे विझले तर वाद मिटला. कारणे बहुधा तीन. एक, ट्रॅकरमध्ये स्वतःचा १२० ओहमचा रेझिस्टर असतो, तेव्हा डायग्नोस्टिक कनेक्टरच्या सी-डी पिनांमध्ये ४० ओहम दिसतात. तो बंद करून घ्या. दोन, वेग जुळत नाही. जे१९३९ची लाइन २५० किंवा ५०० केबीपीएसवर (किलोबिट प्रति सेकंद) चालते. चुकीच्या वेगाचे, संदेश पाठवू शकणारे उपकरण प्रत्येक संदेश चुकीचा ठरवते आणि सगळ्यांचे बोलणे तोडते. काळा डायग्नोस्टिक कनेक्टर सहसा २५०चा, हिरवा ५००चा. तीन, लाइनपासून ट्रॅकरपर्यंतची वायर लांब आहे. ती १ मीटरच्या आत ठेवा.

आमचे मत विचाराल तर अशा ट्रॅकरला लाइनवर बोलू देऊच नये. फक्त ऐकण्याच्या मोडवर ठेवा, किंवा वायर न सोलता वरून क्लिप बसणारा रीडर घ्या. सप्लायला वेगळा फ्यूज हवाच.

प्रश्न : बकेटला वेल्डिंग करताना ईसीयू काढून ठेवावा लागतो का?
— फॅब्रिकेटर, चिपळूण

उत्तर : ईसीयू जागेवर राहू द्या, त्याचे कनेक्टर काढा. त्याआधी किल्ली बंद करा, कट-ऑफ बंद करा आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प बकेटवरच, वेल्डजवळ, रंग घासून लावा. तो चॅसीला लावला तर करंट पिना-बुश आणि स्लू बेअरिंगमधून (मशीनचा वरचा भाग ज्यावर फिरतो ते) परततो. वेल्डिंगची केबल हार्नेसवर किंवा त्याला समांतर पडू देऊ नका. निगेटिव्ह टर्मिनल पुन्हा जोडायचे ते सगळे कनेक्टर लॉक झाल्यावरच.