‘मी सांगितले म्हणून त्यांनी लस घेतली’

एप्रिल २०२४ च्या अखेरीस एक बातमी घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचली. ब्रिटनमधील एका न्यायालयीन दाव्यात अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने मान्य केले होते की, आपल्या कोविड लसीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होण्याचा आजार होऊ शकतो. आपल्याकडची कोविशिल्ड म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली तीच लस. पुढच्याच महिन्यात कंपनीने युरोपमधील विक्रीचा परवाना व्यापारी कारण देऊन परत केला आणि ‘लस मागे घेतली’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. तेव्हापासून समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक काळजी वेगवेगळ्या रूपांत येत राहिली आहे: लस घेतली, किंवा घरच्यांना आग्रहाने घ्यायला लावली, ते चुकले तर नाही ना? त्यांपैकी एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे मांडते आहे.

त्या वेंगुर्ला तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आशा सेविका आहेत. माझ्याकडे आल्या तेव्हा पावसाळा नुकताच लागला होता. झोप येत नाही, छातीत धडधडते, वाडीतल्या एका घरासमोरून जायचे टाळण्यासाठी लांबचा फेरा घेते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या घरातला पस्तिशीतला एक मच्छीमार मे महिन्यात, बंदीचा काळ जवळ आल्यामुळे होडी किनाऱ्यावर ओढून घेत असताना, कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. शवविच्छेदन झाले नाही. ‘लस मागे घेतल्या’ची बातमी तेव्हा ताजीच होती. दिवसकार्याच्या वेळी त्याची आई चारचौघांत या ताईंना म्हणाली, “तू सांगलंस म्हणान माझ्या झिलान सुई घेतल्यान.” सुई या ताईंच्या हातात कधीच नव्हती, ती सिस्टरच्या हातात होती, पण त्याला घरातून उठवून शिबिरापर्यंत आणणाऱ्या त्याच होत्या, हेही खरे होते.

२०२१ मध्ये त्या दारोदार फिरल्या होत्या. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, परंतु लस येत होती थोडी, आणि तरुण मंडळी म्हणत होती की समुद्रावर जाणाऱ्याला काही होत नाही. वरून आलेला निरोप एकच होता: लस पूर्णपणे सुरक्षित आहे असे सांगा. त्यांनी त्यात आपल्याकडून भर घातली, “काही होत नाही, मी आहे ना.” वाडीने लसीवर विश्वास ठेवला नव्हता, सरकारवरही ठेवला नव्हता. तो या ताईंवर ठेवला होता, कारण बाळंतपणाला रात्री-अपरात्री रिक्षा मिळवून देणाऱ्या त्या होत्या. आता त्या मृत्यूच्या निमित्ताने तो सगळा विश्वास उलटून त्यांच्याच अंगावर आला होता.

अशा वेळी “तुमचा काही दोष नाही” हे वाक्य समुपदेशकाच्या ओठांवर लगेच येते. मी ते वापरत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते पटत नाही आणि आपले पूर्ण ऐकूनच घेतले नाही असे मात्र वाटते. आपण केलेल्या गोष्टीतून कुणाचे नुकसान झाले, तर ते मनाला जितके लागते, तितके आपण न केलेल्या गोष्टीतून झालेले नुकसान लागत नाही. माणसाच्या मनाची ही ठेवणच आहे. लस घेऊन काही झाले तर त्याला एक तारीख असते आणि सांगणाऱ्या माणसाचे नावही असते. लस न घेतल्यामुळे जो गेला त्याच्या मृत्यूला मात्र नशीब म्हटले जाते. ताईंच्या वाडीत २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत वयस्क माणसे गेली होती, त्यांची नावे त्यांना तोंडपाठ होती. पण त्यांपैकी कुणाच्याही घरासमोरून जायला त्यांचे पाय अडखळत नव्हते. हा फरक त्यांच्या स्वतःच्या ध्यानात यावा म्हणून मी तो त्यांना केवळ दाखवला, त्यावर भाष्य केले नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना त्यांची नोंदवही आणायला सांगितले. निळ्या पुठ्ठ्याची, पावसाने कडा फुगलेली ती वही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढली. प्रत्येक पानावर हाताने आखलेल्या ओळी होत्या आणि त्यांत घर क्रमांक, नाव, वय, पहिला डोस, दुसरा डोस, शेरा असे रकाने होते. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी ‘ताप’, ‘हात दुखला’, एके ठिकाणी ‘चक्कर, झोपवून ठेवले’ असे लिहिलेले होते. त्या तरुणाच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. पहिला डोस सप्टेंबर २०२१, दुसरा डोस डिसेंबर २०२१. मृत्यू मे २०२४. ती तारीख अर्थातच त्या वहीत नव्हती. ती त्यांनी पेन्सिलीने समासात लिहिली आणि मधले महिने मोजले.

मग मी त्यांना तो आजार काय आहे ते सांगितले, कारण बातमीत भीती होती, माहिती नव्हती. या लसीनंतर काही मोजक्या लोकांच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होतात, जी प्लेटलेटमधून निघणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून प्लेटलेट पेटवतात. त्यामुळे एकीकडे मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गुठळ्या होतात आणि दुसरीकडे रक्तातील प्लेटलेट घटतात. जर्मनी आणि नॉर्वे येथील डॉक्टरांच्या लक्षात हे मार्च २०२१ मध्ये आले आणि एप्रिलमध्ये त्याची कारणमीमांसा प्रसिद्धही झाली. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवडे या काळात घडतो. अडीच वर्षांनी तो अचानक उगवत नाही. म्हणूनच बातमी वाचून रक्ताच्या तपासण्या करून घेण्यासाठी ज्यांनी धाव घेतली, त्यांना या कारणासाठी तपासणीची गरज नव्हती. छातीत दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरकडे जायलाच हवे, पण ते आजच्या हृदयासाठी, २०२१ च्या सुईसाठी नव्हे.

ताईंनी विचारले, “म्हणजे धोका नव्हताच?” धोका होता. ब्रिटनच्या अनुभवात पहिल्या डोसमागे तो साधारण लाखात एक होता, आणि पन्नाशीच्या आतल्यांत त्याहून अधिक, पन्नास हजारांत एकाच्या आसपास. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीला ४९८ गंभीर घटनांत गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणे आढळली; कोविशिल्डच्या दर दहा लाख डोसमागे हे प्रमाण ०.६१ पडले. हा आकडा फक्त नोंदल्या गेलेल्या घटनांचा आहे. वाडीवस्तीतल्या सगळ्या घटना वरपर्यंत पोहोचल्या असतील असे मी मानत नाही, आणि ताईही मानत नव्हत्या. म्हणून आम्ही ब्रिटनचाच आकडा धरला. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत-बाहेर आहे. म्हणजे लहानथोर सगळ्यांना लस दिली तरी अख्ख्या जिल्ह्यात आठ-नऊ जणांना हा आजार झाला असता, आणि त्यांतले काही वाचलेही असते. हे आठ-नऊ जण कुणाचे तरी आप्त असते, हे विसरून चालणार नाही. पण समोर काय होते? मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात देशात रोज चार लाखांच्या आसपास नवे रुग्ण नोंदवले जात होते, आणि ताईंच्या वाडीतल्या मृतांची यादी त्यांच्या जिभेवर होती.

हे वजन-माप सगळीकडे सारखे पडत नाही, हेही मी त्यांना सांगितले. ब्रिटनने ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीच्या आतील लोकांना शक्यतो याऐवजी वेगळी लस द्यावी असे ठरवले, कारण त्या वयात कोविडचा धोका कमी आणि गुठळ्यांचा धोका त्या मानाने अधिक होता. रुग्ण कमी असलेल्या आणि दुसऱ्या लसी हाताशी असलेल्या डेन्मार्कने तर ही लस देणेच थांबवले. आपल्याकडे साथ पेटलेली होती आणि पर्याय थोडे होते. एकाच माहितीवरून तीन देशांनी वेगवेगळे निर्णय घेतले, आणि त्या-त्या ठिकाणी त्यांना आधार होता.

इथवर आल्यावर ताईंना एक मोह झाला, तो मला ओळखीचा आहे. लस नाही, तर मग दारू. तो आदल्या रात्री प्यायला होता, असे त्या म्हणू लागल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा एक अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता: १८ ते ४५ वयोगटातील, वरकरणी निरोगी अशा ७२९ व्यक्तींच्या अचानक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली होती. लसीमुळे असा मृत्यू येण्याची शक्यता वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत ती उलट कमी दिसली. पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, शेवटच्या दोन दिवसांतले अति मद्यपान आणि अंगमेहनतीचा मोठा ताण यांचा मात्र संबंध दिसला. ही माहिती मी त्यांना दिली, पण तिच्या आधारे या एका मृत्यूचे कारण ठरवू दिले नाही. शवविच्छेदनच झाले नव्हते. स्वतःवरचा आरोप उतरवण्यासाठी तो मेलेल्या माणसावर चढवला, तर त्या आईपाशी जाण्याची वाट कायमची बंद झाली असती.

त्यांचा सर्वांत मोठा राग शेवटी बाहेर आला. “हे सगळे तेव्हा माहीत होते, तर आम्हाला का नाही सांगितले?” या प्रश्नाला माझ्याकडे सोयीचे उत्तर नाही. २६ प्रकरणांचा आकडा १७ मे २०२१ रोजीच जाहीर झाला होता. लसीनंतर वीस दिवसांत धाप, छातीत दुखणे, हातापायाला सूज, सतत डोकेदुखी अशी लक्षणे दिसल्यास कळवावे, ही सूचनाही त्याच वेळी दिली होती. तौक्ते वादळ नेमके आदल्या दिवशी आमच्या किनाऱ्यावरून गेले होते; वीज नव्हती, मोबाइल बंद, माणसे कौले आणि होड्या शोधत होती. ती सूचना या ताईंपर्यंत कधीच पोहोचली नाही, आणि नंतर कुणी ती पोहोचवण्याची तसदीही घेतली नाही. त्याआधी जानेवारीत कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच परवानगी दिली गेली. कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर चार-सहा आठवड्यांवरून सहा-आठ आणि मग बारा-सोळा आठवड्यांवर गेले. अंतर वाढवण्याला शास्त्रीय आधार होता. पण लसीचा तुटवडा असताना तो निर्णय झाल्यामुळे लोकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला, आणि मला त्यात लोकांचा दोष दिसत नाही. शास्त्र बदलत्या पुराव्यानुसार मत बदलते, हे ज्याला आधी सांगितलेले नसते त्याला तो बदल म्हणजे फसवणूकच वाटते.

मग मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. मुंबईत प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील दूषित लसीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडले. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे. ही गोष्ट ऐकल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की, आमच्याकडे समुद्र सुरक्षित आहे का असे कुणी विचारत नाही. वारा कुठला, बंदरावर कितीचा बावटा लागलाय आणि जाणे किती नडीचे आहे, हे विचारतात. मीच लोकांना समुद्र सपाट आहे म्हणून सांगितले. त्यांच्या अपराधाच्या भावनेतला नेमका किती भाग खरा आहे, हे त्यांनी स्वतःच मोजले होते. लस घ्यायला सांगितले ते चुकीचे नव्हते, हमी दिली ती त्यांच्या हातातली नव्हती. एवढ्याच भागाची जबाबदारी त्यांनी घ्यावी, असे आम्ही ठरवले.

त्या आईकडे जाताना नोंदवही नेऊ नका, अभ्यासांचे आकडे सांगू नका, एवढेच मी सुचवले. त्या गेल्या. आईने विचारले, “मग कशान गेलो तो?” ताई म्हणाल्या, “माका म्हायत नाय, काकी.” डॉक्टर काय म्हणाले, घरात कुणाला असे झाले होते का, धाकट्या भावाची एकदा हृदयाची तपासणी करून घेऊया का, इथवर बोलणे त्या दिवशी पोहोचले. आईने आरोप मागे घेतला नाही. काही आठवड्यांनी धाकट्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेण्यासाठी मात्र तिने ताईंनाच निरोप पाठवला.

दरम्यान दुसरेच संकट उभे राहिले होते: वाडीतल्या तीन तरुण आयांनी बाळांना गोवर-रुबेलाची लस द्यायला नकार दिला होता. महामारीत बालकांचे नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराच्या साथीत मुले दगावली. गणपतीला वाडीत येणारे चाकरमानी त्याच मुंबईहून येतात. ताईंनी या वेळी “काही होत नाही” असे म्हटले नाही. ताप येईल, अंगावर थोडे पुरळ उठू शकते. दहा लाखांत एखाद्या बाळाला तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास इथे बसवून ठेवतात आणि सिस्टरकडे त्याचे औषध तयार असते. आणि गोवर झाला तर चांगल्या दवाखान्यांची सोय असलेल्या देशांतही हजारांत एक ते तीन मुले जातात, असे त्यांनी सांगितले. दोघी आया पुढच्या सत्राला बाळांना घेऊन आल्या. तिसरी अजून आलेली नाही, तिच्या घरी ताईंचे जाणे चालू आहे.